न पोचलेली पत्रे : उजाड मनोरुग्णालय आणि वाचकाचा अधिकार

१

उजाड वास्तूविषयीचे आकर्षण ही आधुनिक संवेदनशीलतेची एक ओळखीची खूण आहे. पडकी गढी, ओस पडलेली गिरणी, छप्पर उडालेला वाडा यांच्यापुढे उभे राहिले की काळाच्या ओघाविषयीचे चिंतन जणू आपोआप सुरू होते. परंतु उजाड झालेली वास्तू मनोरुग्णालयाची असेल तर हे चिंतन तितक्या निर्वेधपणे करता येईल काय, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. गढीतले लोक गावाच्या डोळ्यांसमोर नांदत होते. त्यांच्या वैभवाला आणि ऱ्हासालाही गाव साक्षी होते. मनोरुग्णालयातील माणसे मात्र नजरेआड व्हावीत यासाठीच तेथे नेऊन ठेवण्यात आली होती. ती तेथे असताना जे पाहणे वर्ज्य होते, ते ती नाहीशी झाल्यानंतर पाहावयास मिळते. या उशिराच्या दर्शनाचे नैतिक स्वरूप काय, हा येथील मूळ प्रश्न होय.

गेल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेतील बंद पडलेल्या मनोरुग्णालयांची असंख्य छायाचित्रे प्रसिद्ध झाली आहेत. त्यांची एक ठरीव भाषा तयार झाली आहे. पोपडे सुटलेला रंग, गंजलेल्या खाटांच्या रांगा, लांबलचक ओवरीच्या टोकाशी एकटी पडलेली चाकाची खुर्ची, फुटक्या तावदानातून आत आलेली वेल. माणूस या छायाचित्रांत नसतो. किंबहुना त्याचे नसणे हाच त्यांचा विषय असतो. या व्यवहाराकडे पाहण्याच्या दोन परस्परविरोधी भूमिका आहेत. एका भूमिकेनुसार हे स्मरण आहे, विस्मृतीत लोटलेल्यांना उशिरा का होईना दिलेला न्याय आहे. दुसऱ्या भूमिकेनुसार हे दुसऱ्यांदा मांडलेले प्रदर्शन आहे, कारण ज्यांना एकदा रोगाचा नमुना म्हणून पाहिले गेले त्यांनाच आता भग्नतेचा नमुना म्हणून पाहिले जाते.

दोन्ही भूमिकांत तथ्य आहे. मात्र दोन्हींमध्ये एक समान गृहीतही आहे, ते असे की येथील प्रश्न पाहण्याचा आहे. वस्तुतः अशा वास्तूंमध्ये जे मागे उरते ते केवळ पाहण्याजोगे नसते, वाचण्याजोगेही असते. तेथे रुग्णपत्रिका असतात, नोंदवह्या असतात, पत्रे असतात, भिंतींवरची अक्षरे असतात. म्हणून हा प्रश्न पर्यटनाचा किंवा वास्तुजतनाचा ठरण्याआधी वाचनाचा ठरतो, आणि त्या नात्याने तो साहित्यविचाराच्या कक्षेत येतो. दुसऱ्याचे लेखन आपण कोणत्या अधिकाराने वाचतो? जे लेखन आपल्यासाठी नव्हतेच ते वाचताना आपण नेमके काय करतो? इटलीतील व्होल्तेर्रा येथील मनोरुग्णालयाच्या आधारे या प्रश्नांचा विचार करता येतो, कारण तेथे ही लेखनरूपे एकाच आवारात एकत्र सापडतात.

२

व्होल्तेर्रा हे तोस्काना प्रांतातील टेकडीवर वसलेले प्राचीन गाव. एत्रुस्कन काळातील तटबंदी, वेस आणि रोमन रंगमंडल यांसाठी ते प्रसिद्ध आहे. भग्नावशेष पाहावयास येणाऱ्यांची या गावाला सवय आहे. १९५० च्या दशकात एन्रिको फ्यूमी यांच्या पुढाकाराने तेथील रोमन रंगमंडलाचे उत्खनन सुरू झाले तेव्हा खोदकामावर याच गावच्या मनोरुग्णालयातील रुग्ण राबले. एका भग्नावशेषाला प्रकाशात आणणारे हात आणखी काही वर्षांनी उजाड होणाऱ्या दुसऱ्या वास्तूत कोंडलेले होते. प्रवासी आज रंगमंडलाच्या पायऱ्यांचे कौतुक करतो, तेव्हा त्या हातांची आठवण त्याला सहसा असत नाही.

हे मनोरुग्णालय १८८० च्या दशकाच्या अखेरीस सान जिरोलामो या जुन्या मठात, भिक्षागृहाचा एक विभाग म्हणून सुरू झाले. ही नोंद महत्त्वाची आहे. दारिद्र्य आणि वेड यांना एकाच छपराखाली आणणे ही युरोपातील जुनी रीत होती, आणि या संस्थेच्या जन्मातच ती दिसते. १९०० ते १९३४ या काळात लुइजी स्काबिया हे तिचे संचालक होते. रुग्णांना साखळदंडांत न ठेवता कामाला लावावे, शेती, सुतारकाम, वीटकाम यांतून त्यांना माणसांत आणावे, अशी त्यांची दृष्टी होती. त्या काळाच्या मानाने ती उदारच म्हणावी लागेल. त्यांच्या कारकिर्दीत संस्थेचा एका गावाएवढा विस्तार झाला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तेथील रुग्णांची संख्या चार हजारांवर गेली. परंतु गाव म्हटले की माणसाला ते सोडून जाता आले पाहिजे. सोडून जाता येत नाही अशा गावाला दुसरे नाव असते.

येथील वास्तव्याला कायद्याचा आधार होता तो १९०४ च्या इटालियन कायद्याचा. स्वतःला किंवा इतरांना धोकादायक असणे, अथवा सार्वजनिक लज्जेला कारण होणे, हे त्या कायद्यानुसार दाखल करण्याचे निकष होते. रोगाची व्यथा हा निकष नव्हता. इतरांना होणारा उपद्रव हा निकष होता. कायमस्वरूपी दाखल झालेल्या व्यक्तीची नोंद गुन्हेगारांच्या न्यायालयीन नोंदवहीत होत असे, आणि ही तरतूद १९६८ पर्यंत टिकली. पुढे फ्रांको बाझालिया यांनी प्रथम गोरित्सिया आणि नंतर त्रिएस्ते येथे उभारलेल्या चळवळीची परिणती १३ मे १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्यात झाली. नवे रुग्ण मनोरुग्णालयांत दाखल करण्याला बंदी आली आणि व्होल्तेर्रा येथील इमारती टप्प्याटप्प्याने रिकाम्या होत गेल्या. शार्को, फेर्री अशी शास्त्रज्ञांची नावे धारण करणारे मंडप ओस पडले. त्यांतील एन्रिको फेर्री हे लोम्ब्रोसोच्या परंपरेतील गुन्हेशास्त्रज्ञ. न्यायालयाकडून पाठविलेले रुग्ण ज्या मंडपात ठेवले जात, त्याला त्यांचे नाव होते. गुन्हेगार हा जन्मतःच ओळखता येतो असे मानणाऱ्या विचारव्यूहाचे नाव प्रवेशद्वारावर, आणि त्याच विचारव्यूहाने खूण केलेली माणसे आत, अशी ही रचना होती.

३

१९६१ साली मिशेल फूको यांचा वेडाच्या इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विवेक आणि वेड यांच्यातील संवाद आधुनिक युगाच्या आरंभी खंडित झाला. त्यानंतर वेडाविषयी बोलली ती केवळ विवेकाची एकतर्फी भाषा. म्हणून आपला प्रयत्न या भाषेचा इतिहास लिहिण्याचा नसून तिच्याखाली दडलेल्या मौनाचे उत्खनन करण्याचा आहे, अशी भूमिका त्यांनी मूळ प्रस्तावनेत घेतली. १९६३ साली झाक देरिदा यांनी या भूमिकेवर मूलगामी आक्षेप घेतला. मौनाचा इतिहास लिहावयाचा तर तो व्याकरण, क्रम आणि तर्क असलेल्या भाषेतच लिहावा लागतो, आणि ही भाषा विवेकाचीच असते. तेव्हा वेडाच्या वतीने बोलण्याचा दावा करणारा इतिहासकार विवेकाच्या कचेरीतूनच बोलत असतो. १९७२ च्या आवृत्तीत फूको यांनी ती प्रस्तावना वगळली आणि देरिदांना सविस्तर उत्तर जोडले. साहित्यसिद्धान्ताच्या अभ्यासकांना हा वाद सुपरिचित आहे.

तथापि या वादातील दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे, ती म्हणजे मौन. ते मौन बोलते करता येईल की नाही एवढ्यापुरताच मतभेद आहे. व्होल्तेर्रा येथील कागदपत्रे नेमकी येथेच आडवी येतात. १९७८ साली, म्हणजे मनोरुग्णालये बंद करणारा कायदा ज्या वर्षी झाला त्याच वर्षी, तेथील रुग्णांच्या पत्रांचा एक संग्रह प्रसिद्ध झाला. १८८९ ते १९७४ या सुमारे पंचाऐंशी वर्षांतील ही पत्रे आहेत, आणि त्यांचे वैशिष्ट्य असे की ती कधीही पाठविली गेली नाहीत. रुग्णाने लिहिलेले पत्र आधी डॉक्टरांच्या हाती जाई, आणि पुष्कळदा तेथेच थांबून त्याच्या रुग्णपत्रिकेला जोडले जाई. या संग्रहाचे शीर्षक ‘नाकारलेला पत्रव्यवहार’ अशा अर्थाचे आहे. बाझालिया आणि त्यांचे सहकारी यांचे गोरित्सियाच्या अनुभवावरील पुस्तक १९६८ मध्ये आले, त्याच्या शीर्षकातही ‘नाकारलेली’ हेच विशेषण होते. तेथे ते संस्थेला लावलेले होते. दहा वर्षांच्या अंतराने एकच शब्द दोन अर्थांनी आला. एकाने संस्था नाकारली. दुसऱ्याने त्या संस्थेने काय नाकारले होते ते दाखविले.

या संग्रहाचा तात्त्विक आशय दूरवर जाणारा आहे. मनोरुग्णालयात मौन नव्हते. तेथे माणसे लिहीत होती; नावगाव, मायना, तारीख घालून, ठरावीक व्यक्तीला उद्देशून, पत्र या अत्यंत विवेकी लेखनप्रकाराचे सारे संकेत पाळून लिहीत होती. उणीव होती ती भाषेची नव्हे, पोचण्याची. ज्याला आपण वेडाचे मौन म्हणतो ते निदान या ठिकाणी बोलणाऱ्याच्या गुणधर्मांतून आलेले नाही. ते टपालाच्या व्यवस्थेतून निर्माण झालेले आहे. एका टेबलापाशी पत्रे थांबत राहिली, आणि बाहेर ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांनी तो शब्द न येण्याचा अर्थ माणूस हरवल्याचा लावला. सिद्धान्तानेही पुढे याच अभावाला ‘मौन’ हे भारदस्त नाव दिले असेल, तर ज्या टेबलावर पत्रे अडली त्याची जबाबदारी त्या नावाखाली झाकली जाते, हे लक्षात घ्यावयास हवे.

४

पत्र रुग्णपत्रिकेला जोडले जाते तेव्हा त्याचे काय होते? कागद तोच राहतो, अक्षरे तीच राहतात, परंतु लेखनप्रकार बदलतो. हा बदल मराठी व्याकरणाच्या परिभाषेत नेमकेपणाने मांडता येतो. क्रियापदाचे अर्थ आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे मानतो. घरी पाठविलेल्या पत्रातील मुख्य क्रियापद बहुधा आज्ञार्थी असते. मला न्या, भेटावयास या, पैसे पाठवा, मुलांची खुशाली कळवा. आज्ञार्थ हा समोर कोणी तरी आहे असे गृहीत धरतो आणि त्याच्याकडून कृतीची अपेक्षा करतो. रुग्णपत्रिका मात्र सर्वस्वी स्वार्थात लिहिली जाते. रुग्ण अस्वस्थ आहे; रुग्ण घरी जाण्याविषयी वारंवार बोलतो; रुग्णास आपल्या आजाराची जाण नाही. ‘मला न्या’ हे वाक्य या कागदांत दाखल झाले की ‘रुग्ण नेण्याविषयी बोलतो’ असे त्याचे रूपांतर होते. मागणीचे वर्णन होते. वर्णनाला होकार किंवा नकार देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्याची केवळ नोंद होते. आणि नोंद झाल्यावर ती मागणी नुसती अपुरी राहत नाही, ती लक्षण ठरते. सुटकेची जितकी विनवणी करावी तितकी न सुटण्याची कारणे वाढत जावीत, असा हा फास आहे.

येथवरचे विवेचन मानसोपचाराच्या एका जुन्या व्यवस्थेवरील टीका म्हणून सहज मान्य होईल. अडचणीचा भाग यापुढे आहे. आज हा संग्रह हाती घेणारा साहित्याचा अभ्यासक त्या पत्रांचे काय करतो? तो त्यांतील वाक्यरचनेचे तुटलेपण पाहतो, प्रतिमांची नोंद घेतो, बोलीभाषेचे अवशेष टिपतो, परात्मतेचा आशय शोधतो. पत्राला ‘संहिता’ म्हणतो. संहिता या संकल्पनेचे सामर्थ्यच असे की ती लेखनाला त्याच्या मूळ प्रसंगातून, लेखकाच्या हेतूतून आणि ठरलेल्या ग्राहकाच्या हातून मोकळे करते. कथा-कवितेच्या बाबतीत ही मुक्ती फलदायी ठरली यात शंका नाही. परंतु ज्या पत्राची शोकांतिकाच ठरलेल्या ग्राहकाला न पोचण्यात आहे, त्याला पुन्हा एकदा ग्राहकापासून मोकळे करणे म्हणजे डॉक्टरांच्या टेबलावर जे घडले तेच अधिक सुसंस्कृत रीतीने पुन्हा घडविणे नव्हे काय? ‘मला न्या’ याचे तेथे ‘रुग्ण नेण्याविषयी बोलतो’ असे झाले होते. येथे ‘या पत्रांतून आधुनिक माणसाचे परात्मपण व्यक्त होते’ असे होते. आज्ञार्थाचा स्वार्थ येथेही झालाच. लक्षणाच्या जागी आशय हा शब्द आला, एवढाच फरक.

फूको यांना या अडचणीची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. १९७७ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी अशा अप्रसिद्ध माणसांचा विचार केला, ज्यांची आयुष्ये सत्तेशी झालेल्या क्षणिक टकरीमुळेच कागदावर उमटली. ती टक्कर झाली नसती तर त्यांचा एक शब्दही उरला नसता. जुन्या दप्तरातील अशा नोंदी वाचताना होणाऱ्या विलक्षण कंपाची कबुली त्यांनी दिली आहे. हा कंप प्रामाणिक आहे. पण कंप वाचकाला होतो, आणि तो वाचकापाशीच राहतो. लिहिणाऱ्याला कंप नको होता. त्याला उत्तर हवे होते.

५

याला एक अपवाद व्होल्तेर्रा येथेच दाखविता येईल असे वाटते. १९२७ साली रोममध्ये जन्मलेला ओरेस्ते फेर्नांदो नान्नेत्ती १९५८ साली येथे आणला गेला. सरकारी अधिकाऱ्याचा अपमान केल्याचा आरोप त्याच्यावर होता. फेर्री मंडपाच्या अंगणातील भिंतींवर त्याने रुग्णांच्या गणवेशातील जाकिटाच्या बक्कलाने अक्षरे कोरावयास आरंभ केला. मध्ये खंड पडला तरी १९७३ पर्यंत हे काम चालले, आणि अखेरीस गिलाव्यावरील या लेखनाची लांबी सुमारे १८० मीटर भरली. टोकदार अक्षरे, यंत्रांच्या आकृत्या, ग्रहगोल, धातूंची नावे, युद्धे, वंशावळी अशी त्याची व्याप्ती आहे. आपण नक्षत्रलोकीचे कर्नल आहोत आणि मनोवेगाने येणारे संदेश आपण उतरवून घेतो, असे तो सांगे. म्हणजे स्वतःच्या दृष्टीने तो लेखक नव्हता; आलेल्या तारा लिहून घेणारा तारबाबू होता. ज्या आवारातून पत्रे बाहेर पडत नव्हती, तेथे एका माणसाने संपूर्ण भिंत संदेश स्वीकारण्यासाठी वाहून टाकली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

या लेखनाकडे लक्ष देणारा पहिला माणूस डॉक्टर नव्हता. आल्दो त्राफेली नावाचा एक परिचारक त्याच्याशी बोलत असे. अक्षरांचा उलगडा करण्यास पुढे त्याचीच मदत झाली. १९७९ मध्ये पिएर नेल्लो मानोनी यांनी भिंतीची छायाचित्रे घेतली, १९८५ मध्ये तिच्यावर पुस्तक निघाले, आणि २०११ मध्ये लोझान येथील ‘अनघड कले’च्या प्रसिद्ध संग्रहालयाने तिच्यावर प्रदर्शन भरविले. मधल्या काळात ऊनपावसाने गिलावा ढासळत गेला. काही भाग जतनासाठी भिंतीवरून उतरवून घ्यावा लागला. नान्नेत्ती १९९४ मध्ये व्होल्तेर्रा येथेच वारला.

भिंत पोचली, असे म्हणता येईल. पण कोणत्या अटीवर पोचली? ती कला ठरली, या अटीवर. ही अट समजून घेण्यासाठी मराठी गद्याच्या आरंभकाळातील एक उदाहरण उपयोगी पडते. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना तेराव्या शतकातील लोक वेडे म्हणत. त्यांचे हसणे, रुसणे, वाटेल त्या घरी जाऊन खाणे, मूर्तींशी खेळणे, निरर्थक वाटणारे बोलणे हे सारे म्हाइंभटाने साक्षीदारांकडून मिळवून अत्यंत आस्थेने नोंदविले. बाह्यतः पाहता रुग्णपत्रिका आणि ही लीळा यांच्यात साम्य आहे. दोन्हींमध्ये वेडा म्हटल्या गेलेल्या माणसाच्या उक्ती आणि कृती छोट्या छोट्या प्रसंगांच्या रूपात, दुसऱ्याच्या हाताने उतरविल्या जातात. भेद आहे तो नोंदविणाऱ्याच्या भूमिकेत. रुग्णपत्रिका लिहिणारा आपण आधीच जाणतो त्याचा पुरावा शोधतो; म्हाइंभट आपल्याला न कळलेल्या गोष्टीपुढे थांबतो आणि ती तशीच ठेवतो. वेड्याच्या शब्दाला ग्राहक मिळाला तर काय घडते, याचे ते उदाहरण आहे. मात्र तेथेही अट होतीच. गोविंदप्रभू ईश्वर मानले गेले होते. ऋद्धिपुरात देवत्वाची अट होती, लोझानमध्ये कलेची. समाज वेड्याचे बोलणे ऐकतो, पण त्या बोलण्याला आधी काही असामान्य मूल्य प्राप्त झाले असेल तरच.

या अटीमुळे जे बाहेर राहतात तेच संख्येने अधिक असतात. ना देव, ना कलावंत. चुकीच्या शुद्धलेखनात आईला पत्र लिहिणारी, डॉक्टरसाहेबांना नम्र विनंती करणारी सामान्य माणसे. त्यांच्या लेखनात असामान्य काही नाही, आणि असावे अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. उजाड मनोरुग्णालयाच्या वाचनाची खरी कसोटी नान्नेत्तीची भिंत ही नव्हे. या सामान्य पत्रांपुढे वाचक काय करतो, ही आहे.

६

यावर असा आक्षेप येऊ शकेल की मग अशी पत्रे वाचूच नयेत. ज्याचे होते त्याला मिळाले नाही, तेव्हा तिसऱ्याने ते फोडू नये, हाच सरळ न्याय. या आक्षेपात शालीनता आहे, आणि तो दूर सारणे सोपे नाही. परंतु त्याचे फलित काय होते ते अमेरिकेतील विलार्ड येथील उदाहरणावरून कळते. न्यूयॉर्क राज्यातील सेनेका सरोवराच्या काठी १८६९ मध्ये सुरू झालेले हे मनोरुग्णालय १९९५ मध्ये बंद झाले. त्या वेळी एका इमारतीच्या माळ्यावर रुग्णांच्या चारशेहून अधिक ट्रंका आणि बॅगा सापडल्या. दाखल होताना माणसाने बरोबर आणलेले सामान उतरवून घेतले गेले होते आणि ते परत मागण्याचा प्रसंग पुष्कळांच्या आयुष्यात आलाच नव्हता. या सामानावरून पुढे प्रदर्शन झाले, पुस्तक झाले, छायाचित्रमाला झाली. परंतु रुग्णांची गोपनीयता जपावयाची म्हणून आडनावे झाकावी लागली. तेथील दफनभूमीत पाच हजारांहून अधिक माणसे आहेत, आणि बहुतेकांच्या जागी केवळ आकडे घातलेली खूण होती.

गोपनीयता हे रुग्णाच्या रक्षणासाठी उभारलेले मूल्य आहे. पण मृत्यूनंतर अनेक दशके, मागणारे कोणी उरलेले नसताना, ते मूल्य नेमके कोणाचे रक्षण करते? ज्याचे नाव आयुष्यभर आकड्याखाली दडले, त्याचे नाव आता नियमाखाली दडते. वाचूच नये असे म्हणणाऱ्या भूमिकेचीही हीच गत होते. पत्र अडविणाऱ्याने ते एकदा थांबविले. शालीन वाचक ते कायमचे थांबवितो. हेतू वेगळे असले तरी पत्राच्या दृष्टीने परिणाम एकच. उलट, कोणतेही नाव वाटेल तेथे छापावे, कोणतेही पत्र वाटेल त्याने वाचावे असे म्हणणे ही पहिल्या प्रदर्शनाचीच पुनरावृत्ती ठरेल. या दोन टोकांमधून वाट काढावयाची तर वाचकाने आपले स्थान कोणते हे आधी ओळखले पाहिजे. तो त्या पत्राचा ग्राहक नाही. पत्र त्याच्या हाती आले आहे, त्याला आलेले नाही. मराठीत ‘हाती येणे’ आणि ‘येणे’ यांत जो फरक आहे, त्यात या नैतिकतेचा गाभा आहे.

नान्नेत्तीच्या भिंतीवर या स्थानाचे एक अनपेक्षित प्रतिरूप आढळते. भिंतीलगत एक बाक होता, आणि त्यावर काही रुग्ण तासन्‌तास निश्चल बसून असत. कोरताना नान्नेत्तीने त्यांना उठविले नाही. त्यांची डोकी भिंतीला जेथे टेकत, तेथे ओळी वळसा घालून पुढे जातात, आणि ती जागा कोरी राहते. बसणारे गेले, बाकही मोडला, पण या कोऱ्या जागा लेखनाचाच भाग होऊन उरल्या. त्या माणसांविषयी तेथे एक अक्षरही नाही. त्यांच्या जागी त्याने स्वतःचे अक्षर लिहिले नाही, इतकेच. दुसऱ्याविषयी लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने घ्यावयाच्या दक्षतेचे याहून नेमके उदाहरण सैद्धान्तिक ग्रंथांतूनही क्वचितच मिळेल. ‘मला न्या’ या वाक्याभोवती अन्वयार्थाची ओळ जरूर काढावी. पण ती त्या वाक्यावरून नेऊ नये. तेथे जी मागणी आहे ती मागणी म्हणूनच, पुरी न झालेली, दिसत राहू द्यावी.

७

मागणी दिसत राहिली, तर पुढे काय? व्होल्तेर्राच्या पत्रांना उत्तर देणे आता कोणाच्याही हाती नाही. ज्यांनी न्यावयाचे तेही गेले. ऋणको आणि धनको दोघेही नाहीसे झाल्यावर ऋण फिटले असे व्यवहारात मानतात. नीतीच्या क्षेत्रात मात्र अशा वेळी ऋणाची दिशा बदलते, असे म्हणावयास जागा आहे. जी व्यवस्था पत्र अडविते ती एखाद्या उजाड इमारतीत संपलेली नसते.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील जुनी मनोरुग्णालये उजाड झालेली नाहीत. ती चालू आहेत. १९१२ चा वसाहतकालीन कायदा बदलून आलेल्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाने पाठविलेली वा त्याला आलेली पत्रे, नियमांच्या अधीन राहून, अडवू, रोखू अथवा नष्ट करू नयेत, असे कलम घालावे लागले. निषेध करण्याजोगी गोष्ट घडत असते तेव्हाच निषेधाचे कलम लिहिले जाते. २०१७ च्या कायद्याने भेटीगाठी, दूरध्वनी आणि टपाल यांना रुग्णाच्या हक्काचे रूप दिले. कायद्याची भाषा विध्यर्थी असते. काय घडावे ते ती सांगते. एखाद्या वॉर्डात लिहिलेले पत्र प्रत्यक्षात पेटीत पडते किंवा नाही, आणि पडले तर घरी ते फोडून वाचले जाते किंवा नाही, याचे उत्तर तिच्यात नसते. बरे झाल्याचा दाखला हाती असूनही घरचे न्यावयास येत नाहीत म्हणून वर्षानुवर्षे अडकून पडलेली माणसे या संस्थांना नवी नाहीत. तेव्हा पत्र अडविणारे टेबल केवळ डॉक्टरांचे असते असे नाही. पत्र पोचल्यावरही ते घराच्या उंबऱ्यावर अडू शकते.

या दृष्टीने पाहता उजाड मनोरुग्णालयाच्या आकर्षणात एक सोयीस्कर भाग आहे, तो ओळखावा लागतो. उजाड वास्तूतील दुःख पूर्ण झालेले असते. तेथे कोणी हाक मारीत नाही, कोणी हात धरून ‘मला न्या’ म्हणत नाही. सारे आज्ञार्थ तेथे भूतकाळाच्या स्वार्थात निवलेले असतात. म्हणूनच तेथे करुणा निर्धास्तपणे बाळगता येते. चालू मनोरुग्णालयाच्या फाटकाशी ती निर्धास्त राहत नाही. उजाड वास्तूचे वाचन नैतिक ठरावयाचे असेल, तर त्याने वाचकाला ओस मंडपातच रमवून ठेवू नये. जेथे पत्र अजून पोचू शकते आणि त्याला अजून उत्तर देता येते, त्या वस्तीतल्या फाटकापाशी त्याला आणून सोडावे.